ग्राफिकल नेटवर्क मॅनेजर नसलेला लिनक्स संगणक इंटरनेटला कसा जोडायचा

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवताना डेस्कटॉपच्या निवडीवरची खूण काढली, संगणक पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावर फक्त ‘लॉगिन’ हा शब्द आला, की नवख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो इंटरनेटचा. कोपऱ्यात वायफायचे चिन्ह नाही, नेटवर्कची यादी नाही, क्लिक करायला काहीच नाही. आणि पुढचे काहीही बसवायचे तर आधी इंटरनेट हवे. जुन्या लॅपटॉपवर हलके लिनक्स चालवणारे, घरी छोटा सर्व्हर ठेवणारे आणि अपडेटमध्ये डेस्कटॉप मोडल्यामुळे टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, येऊन पडलेले, असे सगळेच इथे अडकतात.

अडकल्यावर बहुतेक जण फोनवर शोधतात, सापडेल ती आज्ञा टाकून पाहतात, ती चालली नाही की दुसरी. कधीकधी जोडणी होतेही, पण ती कशामुळे झाली ते कळत नाही. शिवाय अर्धवट बदललेल्या फायली मागे राहतात आणि पुढच्या खेपेला त्याच आडव्या येतात. म्हणून माझा आग्रह असा, की आज्ञा पाठ करण्याआधी जोडणी कशी घडते ते समजून घ्या. तिच्या पाच पायऱ्या आहेत: संगणकाला नेटवर्कचे कार्ड दिसणे, त्या कार्डाचा राउटरशी दुवा जुळणे, आयपी पत्ता मिळणे, बाहेर जायचा मार्ग माहीत असणे आणि नावावरून पत्ता शोधता येणे. प्रत्येक पायरी तपासायची सोय लिनक्समध्ये आहे. खालून सुरुवात करा, जी पायरी पक्की आहे तिला हात लावू नका आणि जिथे अडले आहे नेमके तिथेच दुरुस्ती करा.

मी इथे डेबियन धरून चाललो आहे, कारण डेस्कटॉपविना बसवण्याची वेळ त्यावर पुष्कळदा येते. पायऱ्या मात्र सगळ्या लिनक्सला सारख्याच लागू आहेत.

आज्ञा कशा वाचायच्या

आज्ञा खाली देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरा. ‘आयपी’, ‘डीएचसीपीसीडी’ अशी अक्षरांची नावे जोडून लिहिली असतील तिथे तीच अक्षरे सलग टाइप करायची. ‘लिंक’, ‘सेट’, ‘पिंग’ हे नेहमीचे इंग्रजी शब्द आहेत. स्पेलिंग फसवे असेल तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. दोन शब्दांमधली मोकळी जागा महत्त्वाची आहे, ती गाळू नका.

सुरुवातीच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट अधिकाराची. नेटवर्कमध्ये बदल करायला रूटचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे, अधिकार लागतात. डेबियन बसवताना तुम्ही रूटचा वेगळा पासवर्ड दिला असेल, तर ‘सुडो’ (एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवायची सोय) बहुधा बसवलेलेच नसते. अशा वेळी रूट व्हायला ही आज्ञा द्या:

एसयू -

शेवटचा डॅश विसरू नका. डॅश न देता रूट झालात, तर व्यवस्थापनाच्या आज्ञा ज्या फोल्डरमध्ये असतात ते शोधयादीत येत नाही. मग संगणकात असलेल्या आज्ञेलाही ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर मिळते. ‘माझ्या लिनक्समध्ये ही आज्ञाच नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्याशा डॅशपायी असते.

दुसरी गोष्ट: डेस्कटॉप मोडला असला तरी नेटवर्क मॅनेजर ही सेवा मागे चालू असू शकते. तिला चित्रांचा पडदा लागत नाही. ‘एनएमटीयूआय’ एवढे टाइप करून पाहा. निळसर चौकट उघडली, तर बाणांच्या कळांनी ‘ॲक्टिव्हेट अ कनेक्शन’ निवडा, वायफायचे नाव निवडा, पासवर्ड द्या. झाले काम. मग हा लेख आज लागणार नाही. आज्ञा सापडली नाही तर पुढे चला.

आधी फोन जोडा

वायफाय जोडायला काही पॅकेजे (प्रोग्रामचे तयार गठ्ठे) लागतात, ती उतरवायला इंटरनेट लागते. हा पेच सोडवायचा सोपा उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. केबल डेटा वाहणारी हवी. काही स्वस्त केबलींतून फक्त चार्जिंग होते, तेव्हा टेदरिंगचा पर्याय फोनवर फिकाच राहतो. हॉटस्पॉटपेक्षा हे बरे, कारण संगणकाच्या बाजूने वायफायची कसलीच जुळवाजुळव लागत नाही. फोन संगणकाला साध्या केबलच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. बऱ्याच फोनमध्ये तर फोन घरच्या वायफायवर असताना तेच इंटरनेट यूएसबीतून पुढे देता येते, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

आता पाहा:

आयपी लिंक

यादीत ‘एलओ’ असेल. तो संगणकाचा स्वतःशीच असलेला दुवा, त्याकडे दुर्लक्ष करा. फोन जोडल्यावर एक नवे नाव आलेले दिसेल: ‘यूएसबी०’, किंवा ‘ईएनएक्स’ने सुरू होणारे लांबलचक. तेच नाव पुढे वापरायचे:

आयपी लिंक सेट यूएसबी० अप
डीएचसीपीसीडी यूएसबी०

‘डीएचसीपीसीडी’ नसेल तर त्याच जागी ‘डीएचक्लायंट’ (डी-एच-सी-एल-आय-ई-एन-टी) वापरा. जुन्या डेबियनमध्ये हाच असतो. तो बनवणाऱ्या आयएससी या संस्थेने २०२२मध्ये त्याची देखभाल थांबवली, म्हणून नव्या डेबियनने ‘डीएचसीपीसीडी’ धरला. दोघांचे काम एकच, राउटरकडून पत्ता मागून घेणे.

मग:

पिंग -सी ४ डेबियन.ओआरजी

चार उत्तरे आली, की इंटरनेट सुरू. लगेच वायफायची अवजारे उतरवून घ्या:

एपीटी अपडेट
एपीटी इन्स्टॉल डब्ल्यूपीएसप्लिकंट आयडब्ल्यू आरएफकिल

यातले पहिले नाव डब्ल्यू-पी-ए-एस-यू-पी-पी-एल-आय-सी-ए-एन-टी असे सलग लिहायचे. पॅकेजच्या नावात अंडरस्कोर नाही. त्याच्या आत जी आज्ञा असते तिच्यात मात्र आहे. ही गल्लत हमखास होते.

फोनही नाही आणि केबलही नाही, तर दुसऱ्या संगणकावर ही पॅकेजे पेनड्राइव्हवर घेऊन ‘डीपीकेजी -आय’ने बसवता येतात. पण एका पॅकेजला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे, आणि त्या फेऱ्यांत दिवस जातो. शेजाऱ्याचा फोन दहा मिनिटे मागून घेणे बरे.

पहिली पायरी: कार्ड दिसते का

पुन्हा ‘आयपी लिंक’. केबलच्या कार्डाचे नाव ‘ईएन’ने सुरू होते, उदाहरणार्थ ‘ईएनपी३एस०’. वायफायचे नाव ‘डब्ल्यूएल’ने, जसे ‘डब्ल्यूएलपी२एस०’. ही नावे कार्ड संगणकात कुठल्या जागी बसले आहे त्यावरून पडतात. जुन्या लेखांत ‘ईटीएच०’ आणि ‘डब्ल्यूलॅन०’ दिसतील. तुमच्या पडद्यावर जे नाव असेल तेच वापरा. कुठल्याही लेखातले, अगदी या लेखातलेही नाव जसेच्या तसे उतरवू नका.

‘डब्ल्यूएल’चे नावच नसेल तर दोन शक्यता उरतात. कार्ड खरेच नाही, किंवा आहे पण त्याला लागणारे फर्मवेअर नाही. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. तो दर वेळी संगणक सुरू होताना कार्डात भरावा लागतो. कार्ड आहे का ते असे कळते:

एलएसपीसीआय -एनएनके

यूएसबीत खोचलेले वायफाय असेल तर ‘एलएसयूएसबी’. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘वायरलेस’ असे दिसले, तर त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का पाहा. मग कर्नलने काय तक्रार केली ते वाचा:

डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

‘ग्रेप’ म्हणजे जी-आर-ई-पी. मधली उभी रेघ कीबोर्डवर एंटरच्या आसपास उलट्या तिरक्या रेघेसोबत असते. उत्तरात ‘फेल्ड’ शब्द आणि एखाद्या फायलीचे नाव आले, की दोषी सापडला. इंटेलच्या कार्डाला ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रियलटेकला ‘फर्मवेअर-रियलटेक’, अथेरॉसला ‘फर्मवेअर-अथेरॉस’ ही पॅकेजे आहेत. ती ‘एपीटी इन्स्टॉल’ने बसवून संगणक पुन्हा सुरू करा. ब्रॉडकॉमचे प्रकरण जरा किचकट असते. त्यांच्या वेगवेगळ्या चिपना वेगवेगळे ड्रायव्हर लागतात, म्हणून ‘एलएसपीसीआय’मध्ये चौकटी कंसात दिसणारा आठ अक्षरांचा क्रमांक शोधून त्याप्रमाणे पॅकेज निवडा.

जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच ही फर्मवेअर असतात. त्याआधी ती मुक्त सॉफ्टवेअर नाहीत म्हणून बाहेर ठेवलेली होती आणि नवशिक्यांचा पहिला अपेक्षाभंग तिथेच होई. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदलले. तत्त्व सोडायचे नाही आणि माणूस अडूही द्यायचा नाही, यातून त्यांनी काढलेला मार्ग मला पटतो. मुक्त नसलेले फर्मवेअर त्यांनी वेगळ्या विभागात ठेवले, पण हाताशी ठेवले.

दुसरी पायरी: दुवा जुळतो का

केबल असेल तर सोपे आहे. ‘आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप’ करा आणि पुन्हा ‘आयपी लिंक’ पाहा. त्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ असेल, तर केबल सैल आहे, खराब आहे, किंवा पलीकडचा राउटर बंद आहे. इथे आज्ञा देऊन काही साधणार नाही, हातानेच केबल तपासा. ‘लोअर अप’ दिसले, की तार जिवंत आहे.

वायफायला आधी रेडिओ सुरू हवा. ‘आयपी लिंक सेट डब्ल्यूएलपी२एस० अप’ केल्यावर ‘आरएफ-किल’मुळे शक्य नाही असा संदेश आला, तर रेडिओ बंद करून ठेवलेला आहे:

आरएफकिल लिस्ट

‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने सुटेल. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल, तर ते कुठल्याच आज्ञेने सुटत नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला एक सरकते बटण असते, किंवा फंक्शन कळेसोबत दाबायची वायफायची कळ असते. ती दाबा आणि यादी पुन्हा पाहा.

आता आसपासची नेटवर्क दिसतात का ते बघा:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० स्कॅन | ग्रेप एसएसआयडी

‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही. इथे शेवटचा ‘एसएसआयडी’ (म्हणजे वायफायचे नाव) मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्या राउटरचे नाव यादीत नसेल आणि शेजारपाजारची नावे दिसत असतील, तर बँडची शंका घ्या. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते, ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. नव्या फोनचा हॉटस्पॉट पुष्कळदा ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असतो. फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो २.४वर आणा, नाव लगेच दिसू लागेल. फोनला नेटवर्क दिसते आणि लॅपटॉपला दिसत नाही, याचे उत्तर फार वेळा इतकेच असते.

नाव दिसले, की पासवर्डची फाईल. डेबियनमध्ये सर्वात सरळ मार्ग हा:

नॅनो /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

नॅनो हा फायली बदलायचा साधा प्रोग्राम आहे. फायलीत आधीच्या ओळी असतील त्या राहू द्या. शेवटी या चार ओळी जोडा:

अलाउ-हॉटप्लग डब्ल्यूएलपी२एस०
आयफेस डब्ल्यूएलपी२एस० आयनेट डीएचसीपी
डब्ल्यूपीए-एसएसआयडी तुमच्या-वायफायचे-नाव
डब्ल्यूपीए-पीएसके तुमचा-पासवर्ड

‘आयफेस’चे स्पेलिंग आय-एफ-ए-सी-ई, ‘आयनेट’चे आय-एन-ई-टी. नाव आणि पासवर्ड अवतरणचिन्हांत घालू नका. लहान-मोठी अक्षरे राउटरवर आहेत तशीच हवीत. पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असतो. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर केले की फाईल जतन होते, कंट्रोल आणि एक्सने नॅनो बंद होते. पासवर्ड उघडा लिहिला आहे, म्हणून फाईल इतरांना वाचता येणार नाही असे करा:

सीएचमॉड ६०० /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

पहिला शब्द सी-एच-एम-ओ-डी असा. मग:

इफअप डब्ल्यूएलपी२एस०

(आय-एफ-यू-पी.) ते आधीच जोडलेले आहे असे उत्तर आले, तर आधी ‘इफडाउन’ आणि मग पुन्हा ‘इफअप’. दुवा जुळला का ते असे तपासा:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक

‘कनेक्टेड टू’ आणि पुढे राउटरचा क्रमांक दिसला, तर ही पायरी पार. ‘नॉट कनेक्टेड’ असेल, तर संगणकाची रोजनिशी वाचा: ‘जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय डब्ल्यूपीए’. तिथे ‘राँग की’ किंवा ‘प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट’ असे शब्द असतील, तर पासवर्ड चुकला आहे, बाकी सगळे ठीक आहे. हे कळल्यावर बाकी कशातही बदल करू नका.

एक अडचण नव्या राउटरवर येते. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर लावलेला असेल, तर वरच्या चार ओळी पुरत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा. जुन्या कार्डाला डब्ल्यूपीए३ झेपतच नाही, तेव्हा हा उपाय असाही करावाच लागतो.

आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या इन्स्टॉलरवर असाल तर मार्ग वेगळा आणि सुटसुटीत आहे. ‘आयडब्ल्यूसीटीएल’ टाइप करा, मग आतमध्ये ‘स्टेशन डब्ल्यूलॅन० स्कॅन’, ‘स्टेशन डब्ल्यूलॅन० गेट-नेटवर्क्स’ आणि ‘स्टेशन डब्ल्यूलॅन० कनेक्ट’ या शब्दांपुढे वायफायचे नाव. पासवर्ड तोच विचारेल. पत्ता आपोआप मिळतो.

तिसरी पायरी: पत्ता

आयपी -बीआर ए

प्रत्येक कार्डापुढे त्याचा पत्ता दिसेल. घरच्या राउटरवर तो बहुधा १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होतो. पत्ता मिळण्यामागे चार संदेशांची देवाणघेवाण असते. संगणक ‘कुणी पत्ता देता का’ असे नेटवर्कभर विचारतो, राउटर एक पत्ता पुढे करतो, संगणक तो मागतो, राउटर मान्य करतो. हा पत्ता ठरावीक काळापुरताच दिलेला असतो. मुदत संपण्याआधी संगणक तो पुन्हा मागून घेतो, म्हणून डीएचसीपीचा (पत्ता देण्याघेण्याच्या या पद्धतीचा) प्रोग्राम मागे चालू राहिलेला दिसतो. तो बंद करू नका.

दोन पत्ते नवख्यांना फसवतात. ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक सुरू कार्डाला आपोआप मिळतो. तो दिसला म्हणजे राउटरशी बोलणे झाले असे नाही. दुसरा १६९.२५४ने सुरू होणारा. राउटरने उत्तर दिले नाही तेव्हा संगणकाने स्वतःच घेतलेला तो पत्ता असतो, त्याने बाहेर जाता येत नाही. फक्त यांपैकीच पत्ते दिसले, तर दुसऱ्या पायरीवर परत जाऊन दुवा खरोखर जुळला आहे ना ते पाहा, मग ‘डीएचसीपीसीडी’ पुन्हा चालवा.

कधी पत्ता हाताने द्यावा लागतो, उदाहरणार्थ राउटरमध्ये डीएचसीपी बंद ठेवले असेल तेव्हा. राउटर १९२.१६८.१.१वर आहे असे धरून:

आयपी ए ॲड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईएनपी३एस०
आयपी आर ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१

(‘व्हाया’ म्हणजे व्ही-आय-ए.) ५० या जागी जो आकडा घ्याल तो घरातल्या दुसऱ्या कुणाला मिळालेला नसावा. एकच पत्ता दोघांकडे गेला, तर दोघांचेही इंटरनेट येत-जात राहते आणि कारण शोधताना डोके फिरते. हे बदल संगणक बंद केला की पुसले जातात. प्रयोग करायला ही चांगली गोष्ट आहे, कारण काही बिघडले तर पुन्हा सुरू करून मूळ स्थितीला येता येते.

चौथी पायरी: बाहेरचा मार्ग

आयपी आर

‘डिफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ हवी. तिच्यात लिहिलेला पत्ता राउटरचा. आधी त्यालाच पिंग करा:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१

मग घराबाहेर:

पिंग -सी ४ १.१.१.१

राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर बिघाड संगणकात नसून राउटरच्या पलीकडे आहे. राउटरचे दिवे पाहा, सेवा देणाऱ्याला फोन करा. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे उत्तर आले, तर डिफॉल्टची ओळच नाही. काही कार्यालयांत आणि कॉलेजांत पिंग अडवलेले असते. अशा ठिकाणी पिंग न चालणे हा पुरावा धरू नका, ‘एपीटी अपडेट’ करून पाहा.

केबल आणि वायफाय दोन्ही जोडलेली असतील, तर डिफॉल्टच्या दोन ओळी दिसतात. वायफायला इंटरनेट आहे, केबल मात्र नुसती प्रिंटरच्या स्विचला गेली आहे, आणि संगणक हट्टाने केबलवरून बाहेर जाऊ पाहतो, असे होते. ‘आयपी आर गेट १.१.१.१’ने तो सध्या कोणता मार्ग धरतो ते कळते. नको असलेला मार्ग ‘आयपी आर डेल डिफॉल्ट डेव्ह ईएनपी३एस०’ने काढा (‘डेल’ म्हणजे डी-ई-एल).

पाचवी पायरी: नावे

१.१.१.१ उत्तर देतो, पण ‘पिंग डेबियन.ओआरजी’ला ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे येते, तेव्हा चारही पायऱ्या पक्क्या आहेत आणि फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचे काम, अडले आहे. इतके चालत आल्यावर पुष्कळ जण वायफायचा पासवर्ड पुन्हा टाकायला लागतात. तो ठीक आहे, त्याला हात लावू नका. ही फाईल पाहा:

कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

नावाचे स्पेलिंग आर-ई-एस-ओ-एल-व्ही, डॉट, सी-ओ-एन-एफ. ‘रिझॉल्व्ह’च्या शेवटी ई नाही. आत ‘नेमसर्व्हर’ आणि पुढे पत्ता अशी किमान एक ओळ हवी. नसेल तर नॅनोने लिहा:

नेमसर्व्हर १.१.१.१
नेमसर्व्हर ८.८.८.८

पहिली सेवा क्लाउडफ्लेअरची, दुसरी गूगलची. नाव लगेच सापडू लागेल. पण डीएचसीपी पुन्हा चालले की ही फाईल नव्याने लिहिली जाते, त्यामुळे हा उपाय तात्पुरता आहे. हाताने पत्ता देणाऱ्यांसाठी आणखी एक मेख: ‘इंटरफेसेस’ फायलीत ‘डीएनएस-नेमसर्व्हर्स’ ही ओळ लिहावी असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ हे पॅकेज बसवलेले नसेल तर त्या ओळीकडे कुणी पाहतच नाही. संगणक चूकही दाखवत नाही. ‘एलएस -एल’ने पाहिल्यावर ही फाईल सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) फायलीकडे बोट दाखवणारी निघाली, तर ती हाताने बदलू नका, ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने चौकशी करा.

पाचही पायऱ्या ठीक आणि तरीही अडते

जुन्या लॅपटॉपवर घड्याळ पाहा. ‘डेट’ ही आज्ञा द्या. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असेल, तर प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे संगणकाला वाटते आणि ‘एपीटी अपडेट’सुद्धा ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणून थांबते. पिंग मात्र छान चालते, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. ‘डेट -एस’पुढे अवतरणचिन्हांत आजची तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने आणि वेळ द्या, नंतर ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ करून घड्याळ इंटरनेटवरून जुळत राहील असे करा. सेल बदलायलाही फार खर्च येत नाही.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून थेट तार घेतली असेल आणि मधे राउटर नसेल, तर आणखी दोन शक्यता आहेत. काही जण ठरलेल्या एकाच कार्डाचा मॅक क्रमांक (कार्डाचा ओळखक्रमांक) नोंदवून घेतात. नवा संगणक लावला की दुवा जुळतो, पत्ता मिळत नाही. ‘आयपी लिंक’मध्ये ‘लिंक/ईथर’पुढे दिसणारा क्रमांक त्यांना कळवा, ते नोंद बदलून देतात. काही ठिकाणी पीपीपीओई असते, म्हणजे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डेबियनमध्ये ‘पीपीपीओईकॉन्फ’ हे पॅकेज बसवून त्याच नावाची आज्ञा दिली, की ती एकेक प्रश्न विचारत सगळे जुळवून देते.

रेल्वे स्टेशन, वाचनालय, हॉटेल अशा ठिकाणच्या वायफायवर आधी वेबपान उघडून फोन नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. टर्मिनलवर चालणाऱ्या ब्राउझरांत ती पाने बहुधा धड उघडत नाहीत. तिथे फोनने लॉगिन करून तेच इंटरनेट यूएसबी टेदरिंगने संगणकाला द्या.

कायमचे करताना

‘इंटरफेसेस’ फायलीत लिहिलेले संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकते. तिथे ‘अलाउ-हॉटप्लग’ऐवजी ‘ऑटो’ लिहिण्याचा सल्ला मिळेल. केबलच्या कार्डासाठी ‘ऑटो’ लिहिले आणि सुरू होताना केबल लावलेली नसली, तर संगणक पत्त्याची वाट पाहत कित्येक मिनिटे अडून राहतो. म्हणून लॅपटॉपवर ‘अलाउ-हॉटप्लग’च बरे.

एका कार्डाचा कारभार एकाकडेच द्या. ‘इंटरफेसेस’, सिस्टमडी-नेटवर्कडी, आयडब्ल्यूडी, नेटवर्क मॅनेजर हे सगळे स्वतंत्र कारभारी आहेत आणि दोघांना एकच कार्ड दिले की जोडणी पाच मिनिटे टिकते, पुन्हा तुटते. उबंटू सर्व्हरवर तर ‘इंटरफेसेस’ फायलीत लिहून उपयोगच होत नाही, तिथे हे काम ‘/ईटीसी/नेटप्लॅन’ फोल्डरमधल्या फायलीतून होते. आणि पुढे कधी डेबियनवर डेस्कटॉप बसवलात, तर त्यातला नेटवर्क मॅनेजर तुमच्या वायफायला ‘अनमॅनेज्ड’ म्हणेल. घाबरू नका. ‘इंटरफेसेस’ फायलीत ज्या कार्डाचे नाव आहे त्याला तो मुद्दामच हात लावत नाही. तुम्ही जोडलेल्या चार ओळी काढा, संगणक पुन्हा सुरू करा, कोपऱ्यातल्या चिन्हावर वायफायची यादी दिसू लागेल.

सगळे जुळल्यावर एकदा ‘रीबूट’ करून, काहीही टाइप न करता इंटरनेट आपोआप सुरू होते का ते पाहा. होत नसेल आणि कुणाची मदत घ्यायची वेळ आली, तर ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगू नका. ‘आयपी -बीआर ए’, ‘आयपी आर’, ‘आयडब्ल्यू डेव्ह’ची लिंक आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या चारांची उत्तरे फोनने फोटो काढून पाठवा. पाचपैकी कोणती पायरी अडली आहे ते जाणकाराला तेवढ्यावरून कळते. ‘इंटरफेसेस’ फायलीचा फोटो मात्र पाठवू नका, त्यात तुमचा पासवर्ड आहे.